दानपत्राबाहेरचे प्रवरा खोरे

१/ प्रवरा खोऱ्याचा इतिहास ताम्रपटांपासून सुरू होतो, हा समज सोडून द्यायला हवा. यादव राजा तिसरा भिल्लम याचा कळस बुद्रुकचा ताम्रपट (शके ९४८) अमोल आहे, यात वाद नाही.

२/ परंतु दानपत्र सांगते ते गावाचा हक्क कोणी कोणास दिला एवढेच. वरच्या डोंगरात रान कोण राखत होते, याविषयी ते मौन पाळते. या मौनालाच निर्जनतेचा पुरावा मानणे, हा इतिहासलेखनाचा दोष आहे.

३/ अकोल्याच्या डोंगरांत महादेव कोळी व ठाकर राहतात. गडांची राखण कोळी नाईकांकडे असे. १८१८ नंतर इंग्रजांनी शिबंदी मोडली, वेतने गेली. पुढे सावकारी कर्जात जमिनीही गेल्या. देवगावचे राघोजी भांगरे यांचे बंड याच अन्यायातून उभे राहिले. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्यात फाशी झाली. सरकारी दप्तराने मात्र त्यांना दरोडेखोर ठरवले.

४/ १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले. पाणी खालच्या बागायतीला मिळाले, नाव गव्हर्नर विल्सनचे लागले आणि डोंगरातली जमीन बुडाली.

५/ २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियम गावातील वृद्धांचे लेखी नोंदवलेले कथन पुरावा म्हणून स्वीकारतात. कायद्याला जे मान्य आहे, ते इतिहासाला अमान्य का असावे? सावेडीहून भंडारदऱ्याला जाणाऱ्या इतिहासप्रेमींनी कळसचा ताम्रपट जरूर अभ्यासावा. त्याच आस्थेने डोंगरातील वृद्धांची साक्षही नोंदवावी.