रोजगार मेळाव्याला जाताना

रोजगार मेळावा म्हणजे जत्रा नव्हे. नुसती फाईल घेऊन दहा रांगांत उभं राहून हाती काही लागत नाही. आधी महास्वयम पोर्टलवर नोंदणी करा, रिक्त पदं वाचा, आपल्या शिक्षणाला जुळणारी तीन-चारच निवडा. बायोडाटाच्या प्रती, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, फोटो सोबत ठेवा. कपडे स्वच्छ, इस्त्रीचे असले की पुरे. इंग्रजी अडखळलं तर मराठीत नीट सांगा.

पण माझ्या मते खरी छाप पडते ती आपण विचारलेल्या प्रश्नांनी. पद कायम, कंत्राटी की अ‍ॅप्रेंटिसचं? कापून हातात किती येणार? पीएफ, राहण्याची सोय आहे का? हे लाजून विचारलं नाही, तर महिन्याभरात बॅग भरून गावी परतायची वेळ येते. नम्रपणे विचारणं हा उद्धटपणा नाही.