ओझं टाका म्हणणाऱ्यांनो, ते बांधलं कोणी?



उपवासकाळ आला की आमच्याकडे एक विषय ठरलेला असतो: ओझी टाका आणि विश्वासात वाढा. पाळक कोणी असोत, पाहुणे वक्ते कुठूनही आलेले असोत, संदेश तोच. चिंता सोडा, दुःख सोडा, जुन्या आठवणी सोडा, सगळं प्रभूच्या चरणी ठेवा आणि हलके होऊन घरी जा. ऐकायला फार बरं वाटतं. बाहेर चपला घालताना लोक एकमेकांना "आज संदेश छान झाला" असंही म्हणतात. मला मात्र या संदेशाशी भांडायचं आहे. सत्तरी उलटल्यावर भांडायला फारसं भ्यावं लागत नाही, हा एक फायदाच.

माझं म्हणणं सरळ आहे. ओझं टाका असं सांगणाऱ्याने आधी विचारावं, की हे ओझं कसलं आहे आणि या माणसाच्या पाठीवर ते बांधलं कोणी? हे न विचारता केलेला उपदेश कितीही गोड असो, तो अर्धवट आहे आणि कधीकधी क्रूरही.

मी शाळेतली बाई, तेव्हा उदाहरण शाळेतलंच देते. १९९३ साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने शिक्षणातल्या ओझ्यावर अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षाही न समजता शिकण्याचं ओझं मुलांना जास्त जाचतं, असा त्याचा रोख होता. पुढे २०२० च्या धोरणाने दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको असं सांगितलं. आता मला सांगा, वाकलेल्या पोराला "ओझं मनातून काढून टाक, ताठ चाल" असं सांगणारा शिक्षक चांगला, की वेळापत्रक बदलून त्याच्या चार वह्या कमी करणारा? चौथीतलं पोरही बरोबर उत्तर देईल. मग रविवारी सकाळी आम्हा मोठ्यांनाच हे गणित का सुटत नाही?

माझ्या माहितीतल्या एका बाईंचा कमावता मुलगा गेला. तीन महिनेही झाले नव्हते, तोच एका वक्त्याने भर सभेत सांगितलं, की इतके दिवस रडत राहणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण आहे, शोक टाका म्हणजे आशीर्वाद येईल. सभेला आल्या तेव्हा त्या बाईंवर दुःखाचं ओझं होतं. निघाल्या तेव्हा आपल्या विश्वासातच खोट आहे हे दुसरं ओझं घेऊन निघाल्या. घरी कर्जाचे हप्ते होते, नातवाची फी होती. त्याबद्दल व्यासपीठावरून एक अक्षर नाही.

लाजराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला. आता आपण त्याला उठवणार हे ठाऊक असून रडला! स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी उघड उघड विलाप आहेत. रडणं म्हणजे अविश्वास असता तर ती स्तोत्रं शास्त्रात कशाला राहिली असती?

मत्तयाच्या ११ व्या अध्यायात प्रभू थकल्याभागल्यांना जवळ बोलावतो आणि आपलं ओझं हलकं आहे असं सांगतो. ते वचन आमच्या घराघरात भिंतीवर टांगलेलं असतं. पण त्याच मत्तयाचा २३ वा अध्याय भिंतीवर लावलेला मी कुठे पाहिला नाही. तिथे प्रभू शास्त्री आणि परुशी यांच्यावर तुटून पडतो. का? तर ते जड ओझी बांधून दुसऱ्यांच्या खांद्यावर चढवतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे, फोर्तिओन. म्हणजे प्रभूने ओझं वाहणाऱ्याला बोलावलं आणि ओझं बांधणाऱ्याला झाडलं. आम्ही पहिली गोष्ट सांगतो आणि दुसरी गाळतो. परीक्षेत असं अर्धं उत्तर लिहिणाऱ्याला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत.

पौलाचंही तसंच. गलतीकरांच्या पत्राच्या ६ व्या अध्यायात तो एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, आणि तीनच वचनांनंतर ज्याने त्याने आपापला भार वाहावा असंही म्हणतो. वरवर पाहता हे परस्परविरोधी वाटतं. पण ग्रीक शब्द वेगळे आहेत. पहिला बारोस, दुसरा फोर्तिओन. बरेच भाष्यकार त्यांतला फरक असा सांगतात, की पहिलं माणसाला दडपून टाकणारं वजन आणि दुसरं प्रवासात ज्याचं त्याने उचलायचं गाठोडं. आपलं गाठोडं आपण वाहायचं, पण दडपलेल्याला खांदा द्यायचा. "तू ते टाकून दे बघू" असं म्हणून पुढे निघून जायचं, हे त्यात कुठेच बसत नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, इब्री लोकांस पत्राच्या १२ व्या अध्यायात तर धावणाऱ्याने भार टाकावा असं स्पष्टच आहे. आहे ना! मी कुठे नाही म्हणते? पण तिथे भार आणि पाप यांचा वेगवेगळा उल्लेख आहे. म्हणजे जे पाप नाही, पण पायात येतं, तेही टाकायचं. मात्र काय टाकायचं याचा विचार हवा. शर्यतीत उतरणारी बाई अंगावरची शाल टाकेल, कडेवरचं पोर टाकणार नाही. आम्ही दुःखी माणसाला पोर टाकायला सांगतो आणि स्वतः शाल घट्ट लपेटून पहिल्या बाकावर बसतो.

ही शाल कसली ते सांगते. घराण्याच्या मोठेपणाची. बाप्तिस्म्याला चार-पाच पिढ्या झाल्या तरी लग्न जमवताना "मूळचे कोण?" हे हळूच विचारलं जातं. विचारणारे आणि ज्यांच्याबद्दल विचारलं ते प्रभुभोजनाला एकाच मेजापाशी येतात, तरीही. प्रेषितांच्या कृत्यांच्या १५ व्या अध्यायात यरुशलेमची सभा आहे. विदेशी लोकांना सुंतेची आणि नियमशास्त्राची सक्ती करावी का, हा वाद होता. पेत्राने विचारलं, जे जू आपल्या वाडवडिलांना पेललं नाही ते यांच्या मानेवर कशाला? जात हे तर त्याहून जड जू, आणि ते तर प्रभूने दिलेलंही नाही. ते टाका असं सांगणारा उपवासकाळातला एक तरी संदेश तुम्ही ऐकलाय का? मी इतकी वर्षं उपासनेला बसते आहे, माझ्या कानावर नाही पडला.

ज्यांनी खरोखर टाकलं त्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला, पण न पटलेला सिद्धांत केवळ वरिष्ठ सांगतात म्हणून मान्य करायला त्यांनी नकार दिला. पुढे दुष्काळातल्या मुली आणि विधवा त्यांनी केडगावला आणून सांभाळल्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं. या दोघांनी पगार, मान, पंथाचा दबाव असलं सगळं टाकलं. दुसऱ्यांचं दुःख मात्र टाकलं नाही, उलट मागून घेतलं. विश्वासात वाढणं याला म्हणतात.

तेव्हा यंदाच्या उपवासकाळात टाकायचंच असेल तर यादी फार लांबची नको. लग्नाच्या स्थळांमध्ये "मूळचे कोण" हा प्रश्न टाका. चर्चच्या जागेवरून भाऊ भावाविरुद्ध कोर्टात लढत असेल तर तो दावा टाका. पहिल्या बाकावरचा हक्क टाका. ही ओझी आपली आपणच बांधलेली आहेत, ती सोडायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि पाहुण्या वक्त्यांना हात जोडून एक विनंती. संदेश संपल्यावर जेवायला बसण्याआधी पाळकांना विचारा, की या मंडळीत यंदा कोणाच्या घरी माणूस गेलंय. त्या घरी जा, उपदेश न करता बसा आणि हप्त्याचं काय झालं ते विचारा.

असो. पटलं नसेल तर जरूर भांडा, मला आवडेल. फक्त मत्तयाचा २३ वा अध्याय वाचून या.