शिष्यवृत्ती घेतो म्हणून तोंड बंद?

तालुक्याला शिकणाऱ्या आपल्या पोरांना कॉलेजात दम देतात, "सरकारचे पैसे घेता आणि सरकारवरच मोर्चा नेता? शिष्यवृत्ती बंद होईल." पोरं घाबरून प्लॉटच्या मोर्चाला येत नाय.

मॅट्रिकनंतरच्या भारत सरकार शिष्यवृत्तीच्या नियमात संपात भाग घेतला, परवानगी न घेता गैरहजर राहिलं तर पैसे रोखता येतात, हे खरं. पण रविवारी आईबापाबरोबर तहसीलवर गेलं तर कॉलेजचं काय जातं? इतर दिवशी रजेचा अर्ज द्या, नक्कल जपा. लावणीला घरी येतानाही तेच करा.

निर्वाहभत्ता पोराचा हक्काचा. मी अकरावीला आकडा न बघताच रजिस्टरवर सही केली. किती लिहिलं होतं, आजही ठाऊक नाय. आधी वाचा, मग सही.

पण भत्ता आला की पिक्चर, नवी पँट, महिनाभर वर्गात तोंड नाय, असंही चालतं. नापास झाल्यावर पैसा अडला तर कॉलेजला शिव्या कशाला?

आणि सुट्टीत घरी आलात की पेटीतल्या फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या काढा, तारखा वाचून वहीत उतरवा. आईबापाला वाचता येत नाय.