आयडिया ऐकवू नका, आधी लिहा!

अंधेरीत स्टुडिओवाल्यांना 'जबरदस्त आयडिया' ऐकवायला निघालेल्या आयटीवाल्या मित्रांनो, जरा थांबा. आर. जी. आनंद यांनी आपलं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक दिग्दर्शक मोहन सेहगलना ऐकवलं. १९५६ साली सेहगलचा 'न्यू दिल्ली' आला, आणि आनंदना त्यात आपलंच नाटक दिसलं. खटला पार सुप्रीम कोर्टात गेला. १९७८ मध्ये ते हरले. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो! आख्खं नाटक लिहिलेल्या माणसाची ही गत, आणि आपण टपरीवर सुचलेल्या दोन ओळी ऐकवून वर 'चोरली, चोरली' म्हणून बोंबलणार? नुसत्या आयडियेला ऑफिसात तरी कुणी कोड म्हणतं का? पटकथा पूर्ण लिहा, स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर करा, मग खुशाल ऐकवा. लिहायला वेळ नाही म्हणता? मग स्टुडिओवाल्यांचा तरी कशाला खाताय?