गिरणीला गाळा द्या

बाजरीचं पीठ दळून आणलं की आठवडाभरात संपवायचं, ही आमच्या घरची शिस्त. त्यापुढे त्याला कडवट वास येऊ लागतो. बाजरीच्या दाण्यातला अंकुर मोठा आणि त्यात तेल भरपूर. दाणा अख्खा असतो तोवर ते तेल आत सुखरूप असतं. दळलं की त्याला हवा लागते, दाण्यातलीच पाचकद्रव्यं त्यावर काम करू लागतात आणि पीठ खवट होतं. ज्वारीची तऱ्हा वेगळी. तिचं पीठ जुनं झालं की विरी जाते. थापताना कडा फाटतात, परातीतून उचलून तव्यावर टाकेपर्यंत भाकरी हातातच मोडते. गव्हाचा चिवटपणा ज्वारीत मुळातच नाही. आधणाचं पाणी घातल्यावर पिठातला स्टार्च फुगतो, त्यानं जो काही चिकटपणा येतो तेवढ्यावरच भाकरी थापायची असते. पीठ कालच दळलेलं असेल तर साध्या पाण्यातही निभावतं.

हे सगळं सांगायचं कारण, आमच्या भागात आता गिरणी नाही. पुण्याच्या पश्चिमेला, दहा वर्षांपूर्वी जिथे शेतं होती तिथे आम्ही राहतो. संकुलात व्यायामशाळा आहे, पोहण्याचा तलाव आहे, खाली कॉफीची दोन दुकानं आहेत, कुत्र्यांचे केस कापून देणारं दुकानही आहे. मागच्या गल्लीत एक गिरणी होती. आधी तिचं भाडं वाढलं, मग वरच्या मजल्यावरच्यांनी आवाजाची आणि भुरभुरणाऱ्या पिठाची तक्रार केली, आणि ती बंद झाली. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दळणासाठी जुन्या गावठाणात जावं लागतं, म्हणजे स्कूटरच्या पायापाशी डबा ठेवून रहदारीतून जायचं. आमच्या घरात भाकऱ्या मी करते आणि पोळ्या हे करतात, त्यामुळे दळणाला जायची पाळीही दोघांत वाटलेली आहे. पण शेजारच्या बऱ्याच घरांनी ते सोडून दिलंय, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही.

भाकरी का होत नाही, असं कुणी विचारलं की आपण लगेच बायकांच्या नोकऱ्यांकडे, मुलांच्या आवडीनिवडींकडे बोट दाखवतो. माझं म्हणणं वेगळं आहे. घरातला स्वयंपाक पिठापासून सुरू होतो आणि ताजं पीठ चालत जाऊन आणण्याजोग्या अंतरावर नसेल, तर एकेक पदार्थ गुपचूप घरातून निघून जातो. भाकरी पहिली जाते. मग थालीपीठ, कारण भाजणी भाजायला घरचा गॅस पुरतो पण दळायला गिरणीच लागते. मग घावन, कुळथाचं पिठलं, मेतकूट, दिवाळीतली चकली. लाडवाचं बेसन रवाळ हवं, चकलीची भाजणी बारीक हवी, थालीपिठाची जरा भरड. उकडीच्या मोदकासाठी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, अगदी मऊ दळून घ्यावा लागतो. इतकं जाड-बारीक कुठल्याही पाकिटावर लिहिलेलं नसतं.

गावठाणातल्या गिरणीवाल्या काकू हे सगळं न सांगता ओळखतात. डबा उघडून चार दाणे तळहातावर घेतात, एक दाताखाली फोडतात आणि सांगतात, “ताई, गहू दमट आहे, ऊन दाखवून आणा.” दमट धान्य दगडाला चिकटतं आणि पुढच्या माणसाचं दळण बिघडतं. आधी काय दळलंय हे बघून त्या डब्यांचा क्रम लावतात. ज्वारीनंतर लगेच कुणाचा गहू टाकत नाहीत, आधी त्याच गव्हाची एक मूठ टाकून दगड साफ करून घेतात. उपासाची वरी-राजगिरा ठरलेल्या दिवशी सकाळी, गिरणी पुसून. पांढऱ्या कापडी पिशवीखाली हात धरून पीठ दोन बोटांत चोळतात आणि चाक अर्ध्या आट्यानं कमी-जास्त करतात. दगडाला टाकी कधी लावायची, हे त्यांना त्या बोटांतल्या पिठावरून कळतं. “घरी गेल्यावर झाकण उघडं ठेवा, गार झाल्यावरच लावा,” हे वाक्य प्रत्येकाला, रोज. गरम पिठावर झाकण लावलं की आत घाम सुटतो आणि गुठळ्या होतात. हे सगळं ज्ञान किलोमागे काही रुपयांत मिळतं, आणि दर दोन रुपयांनी वाढला की आपल्यातलेच लोक कुरकुर करतात.

मी जात्याच्या काळासाठी हळहळत नाही, हे स्पष्ट सांगते. पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून जास्त आहेत. त्या ऐकताना गळ्याइतकेच बाईचे दमलेले खांदेही ऐकू येतात. पहाटे उठून घरादारासाठी दळायचं ओझं गिरणीनं उतरवलं. महाराष्ट्रातल्या बाईच्या आयुष्यात इतका थेट फरक करणारी यंत्रं फार थोडी असतील. म्हणूनच गिरणी हातची जाऊ नये असं मला तळमळीनं वाटतं.

माझ्या मुलीला बेकिंगची आवड आहे. तिला वाटायचं गिरणी ही भाकरीवाल्यांची गोष्ट. आता तीही डबा घेऊन जाते. खपली गहू ती वेगळा दळून आणते, ज्वारीच्या पिठाची तुपातली नानकटाई करते. गिरणीच्या कणकेचा पाव मैद्याच्या पावाइतका फुगत नाही, कारण कोंडा पिठातल्या चिवट जाळ्या तोडतो. पण पाणी थोडं वाढवलं आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवली तर कोंडा भिजतो आणि पाव मऊ होतो. आजी पुरणपोळीसाठी सपीट काढायची तसं तिनं एकदा पीठ वस्त्रगाळ केलं, त्याचा केक आमच्या घरात सगळ्यांना आवडला. मैदा महिनोन्‌महिने टिकतो, कारण त्यातून कोंडा आणि अंकुर दोन्ही काढून टाकलेले असतात. चवही बरीचशी त्यांच्याबरोबरच जाते.

घरघंटी घ्या, असं मला अनेक जण सुचवतात. ज्यांना परवडते आणि ज्यांच्या स्वयंपाकघरात जागा आहे त्यांनी जरूर घ्यावी. पण आमच्या संकुलात स्वयंपाकाला येणाऱ्या एक मावशी दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. घरोघरच्या भाकऱ्या करून त्या आपल्या घरी जाऊन पुन्हा भाकरी थापतात. त्यांच्यासाठी घरघंटी हा उपाय नव्हे. पाकिटातला गव्हाचा आटा एक वेळ चालतो, बाजरीचं पीठ मात्र दुकानाच्या फळीवर किती दिवस पडून होतं हे पाकीट फोडल्यावर वासानंच कळतं.

मी मूळची बार्शीची. आमच्याकडे मालदांडीशिवाय ज्वारी ज्वारी वाटत नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 हे वर्ष जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं, भारताच्याच पुढाकारानं. सोहळे झाले, फलक लागले. पण शेतकऱ्यानं पिकवलेली ज्वारी आणि शहरातलं ताट यांच्या मधोमध जी गिरणी उभी असते, तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. ज्वारी खा म्हणायचं आणि ती दळायची सोय ठेवायची नाही, हे धोरण अर्धवट आहे.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. नव्या संकुलाचा आराखडा मंजूर करताना, तळमजल्याच्या दुकानांत एक गाळा गिरणीसाठी राखून ठेवायला लावा. तो राहत्या घरांच्या भिंतीला लागून नको, बाजूला हवा. तिथे थ्री-फेज वीज द्या, पीठ ओढून घेणारा पंखा बसवा आणि दळणाच्या वेळा ठरवून द्या, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या माणसाची झोपही शाबूत राहील. भाडं कॉफीच्या दुकानाच्या दरानं लावू नका. सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगचा विषय संपला की हा विषय मांडा. आणि जिथे गिरणी अजून चालू आहे, तिथे या रविवारी ज्वारीचा डबा घेऊन जा.