फॉर्मवर 'हो' लिहिलं, पुढं काय?

परभणीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अधूनमधून एक मेसेज फिरतो. 'सदर आजोबा काल सकाळपासून घरातून निघून गेले आहेत. अंगात पांढरा सदरा, धोतर, डोक्याला टोपी. थोडे विसराळू आहेत. कुणाला दिसल्यास खालील नंबरवर कळवावे.' आपण तो दोन ग्रुपवर पुढं ढकलतो आणि आपल्या कामाला लागतो. आजोबा कधी पूर्णा जंक्शनच्या फलाटावर सापडतात, कधी वीस वर्षांपूर्वी विकलेल्या शेताच्या धुऱ्यावर बसलेले असतात.

त्या 'थोडे विसराळू'बद्दल जरा लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाचा.

आपल्याकडं याला म्हातारचळ म्हणतात. 'साठी बुद्धी नाठी' म्हटलं की विषय संपला. पण १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची जी बाई दाखल झाली ती फक्त ५१ वर्षांची होती. नवऱ्याचं नाव विचारलं तर ती स्वतःचंच नाव सांगायची. १९०६ मध्ये ती वारल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. मेंदू आकसलेला, पेशींच्या बाहेर कसलेसे थर साचलेले आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. वयानं केस पिकतात तसा हा प्रकार नाही, मेंदूला झालेला आजार आहे, हे तेव्हापासून माहीत आहे. आपल्या घराघरांत ते अजून पोचलेलं नाही.

चष्मा कुठं ठेवला हे सगळेच विसरतो. या आजारात हातातल्या चष्म्याचं काय करायचं तेच आठवत नाही. जन्मभर रोज चहा केलेल्या बाईला चहात आधी काय टाकायचं ते सुचेनासं होतं. आणि सगळ्यात जास्त घरं कशानं मोडतात सांगू? म्हातारी जेवून उठते, पाच मिनिटांनी ओट्यावर जाऊन शेजारणीला सांगते, 'सुनेनं सकाळपासून तुकडा दिला नाही माय.' गाठोड्यातले पैसे स्वतःच कुठंतरी खोचून ठेवते आणि चोरीचा आळ सुनेवर घेते. गाव सुनेला नावं ठेवतं. नवरा आईची बाजू घेतो. आजार सासूला, बदनामी सुनेची. किती सुनांनी ही बोलणी खाल्ली असतील! मग कुणीतरी 'बाहेरचं आहे' म्हणतं आणि लिंबू-नारळ सुरू होतं.

आता उपचाराचं. खोटी आशा दाखवायची नाही, पण हातपाय गाळायचीही गरज नाही. विसरभोळेपणा दिसला की आधी रक्त तपासा. बी-१२ कमी असणं, थायरॉईड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, यांनीही माणूस अगदी असाच भ्रमिष्ट वागतो, आणि वेळेत कळलं तर यातलं बरंचसं सुधारू शकतं. 'म्हातारचळ' म्हणून घरी बसवलेल्यांत अशी माणसं नसतील कशावरून?

खरोखर अल्झायमर निघाला तर डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधं आहेत, जेनेरिकमध्येही मिळतात. काहींना काही काळ त्यांचा थोडा उपयोग होतो, आजार थांबत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकॅनेमॅब या नव्या इंजेक्शनला पूर्ण मान्यता मिळाली, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ते अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहे, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून द्यावं लागतं, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतोय का हे बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय लागतो. एवढं करून दीड वर्षात घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावते. पालमच्या म्हातारीला त्याचा आज काय उपयोग, तुम्हीच सांगा.

आजार ओळखायच्या चाचणीतही गंमत आहे. नेहमीच्या चाचणीत १०० मधून ७ वजा करत जा, वाक्य लिहा, चित्र बघून काढा असलं विचारतात. निजामाचं राज्य जाता-जाता जन्मलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हे विचारून काय कळणार? हरियाणातल्या बल्लभगडला १९९० च्या दशकात निरक्षर लोकांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बेतली गेली होती. आपल्या म्हातारीला लेकी कोणत्या गावी दिल्या, पोळा कोणत्या महिन्यात येतो, हे विचारा. लगेच अंदाज येईल.

किती लोक आहेत असे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासानुसार साठीपुढच्या १०० जणांत ७ पेक्षा जास्त लोकांना डिमेन्शिया आहे, देशात जवळपास ८८ लाख. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती आणि राज्यात दर दहात जवळपास एक जण साठीपुढचा. ढोबळ हिशेब केला तरी १३ हजार होतात, आणि ही लोकसंख्या जुनी आहे.

आता मुद्द्यावर येतो. आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म भरतात त्यात बीपी-शुगरच्या प्रश्नांबरोबर साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? म्हणजे सरकार हे विचारतंय! आता समजा जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर उत्तर आलं 'हो'. पुढं पाठवायचं, पण कुणाकडं? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं काय करायचं? सून सोयाबीन काढायला गेली तर म्हातारीजवळ कोण बसणार? पोरगा तर पुण्याला कंपनीत.

याचं उत्तर फार लांब नाही, गोव्यात सापडतं. तिथं 'संगत' या संस्थेनं ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. डॉक्टर-नर्स नव्हे, स्थानिक भाषा बोलणारी साधी शिकलेली माणसं थोड्या प्रशिक्षणानंतर सहा महिने त्या घरांत जात राहिली. हा आजार आहे, मुद्दाम करत नाहीत, हे समजावून सांगायचं. चिडले तर वाद घालायचा नाही, विषय बदलायचा. आंघोळ, जेवण, झोप यांच्या वेळा कशा लावायच्या. रोग्याच्या आजारात मोठा फरक पडला नाही, पण सांभाळणाऱ्या माणसाच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झाला. माझ्या मते आपल्या जिल्ह्याला आज याच उपचाराची सगळ्यात जास्त गरज आहे.

हे इथं का होऊ नये? वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून कागदावर आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याहून जुना. परभणीत आता सरकारी मेडिकल कॉलेजही झालंय. नऊ तालुक्यांत आठवड्यातून एक ठरलेला दिवस विस्मरणाच्या तपासणीला द्या, बी-१२ आणि थायरॉईड तिथंच तपासा, आणि गोव्यासारखं घरी जाणाऱ्या ताईंना शिकवा. मात्र आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं काम टाकायचं नाही. त्याचे वेगळे पैसे द्या.

अजून एक, ज्यावर घरात कुणी बोलत नाही: अंगठा. आठवण गेलेल्या माणसाकडून बक्षीसपत्रावर, खरेदीखतावर अंगठे घेतले जातात. व्यवहार समजायची अक्कल ज्याला त्या वेळी राहिली नाही त्याला करार करता येत नाही, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे. सांभाळायच्या अटीवर जमीन लिहून घेतली आणि सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा. आणि आजार सुरुवातीचा असेल तर म्हाताऱ्याला समजतंय तोवर त्यालाच विचारा, त्याच्या मनात काय आहे.

दोन नंबर जपून ठेवा. टेली-मानस १४४१६, ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७. सांभाळून थकलेल्या सुनेनं, लेकीनंही टेली-मानसला फोन करावा.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी खाली लिहा. नाव-गाव नको. एवढंच सांगा: आशाताईंनी तो प्रश्न विचारला का, आणि 'हो' सांगितल्यावर पुन्हा कुणी घरी आलं का?