अंधार नेमका कोणत्या युगात?

मध्ययुगीन ख्रिस्ती जीवन म्हणजे उपवास, भय आणि मौन. तेथे कलेला वाव नव्हता आणि करमणुकीला तर थाराच नव्हता, असे विधान सुशिक्षितांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. ‘अंधारयुग’ हा शब्द उच्चारला की पुराव्याची गरज उरत नाही, अशी त्यांची समजूत असावी.

इंग्लंडमधील यॉर्क नगर पाहा. १४व्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे ख्रिस्तदेहाच्या सणाला विश्वाच्या निर्मितीपासून अंतिम न्यायापर्यंतचा इतिहास सुमारे ४८ नाटकांतून सादर होत असे. चाकांवरचे रंगमंच पहाटेपासून नगरात फिरत. ही नाटके कारागिरांच्या संघांकडे सोपवलेली असत. नोहाचे तारू जहाज बांधणाऱ्यांनी उभारायचे, शेवटचे भोजन पाववाल्यांनी मांडायचे आणि क्रूसारोपण खिळे घडवणाऱ्यांनी दाखवायचे. ज्याने आयुष्यभर खिळे घडवले, त्याला त्या प्रसंगावर निराळे प्रवचन कशाला हवे होते? शिवाय हा हौशी गोंधळ नव्हता. नट पारखून घेण्यासाठी चार जाणकार नेमावेत, असा नियम नगरसभेने १४७६ मध्ये केला होता.

आणि हास्य? वेकफील्डच्या नाट्यसंग्रहात मॅक नावाचा भुरटा चोर मेंढरू पळवतो आणि पाळण्यात बाळ म्हणून निजवतो. प्रेक्षक पोट धरून हसतात, आणि तेच मेंढपाळ पुढे गव्हाणीतल्या खऱ्या कोकरापाशी गुडघे टेकतात. ज्यांना ही पाखंडी थट्टा वाटते, त्यांनी देहधारणेचे रहस्य पुन्हा एकदा वाचावे.

पोप तिसरे इनोसंट यांनी १२०७ मध्ये चर्चमधील नाट्यखेळांवर निर्बंध घातले, असा आक्षेप येईल. तो खराच आहे. पण रोष होता तो धर्मसेवकांच्या मुखवटाधारी धिंगाण्यावर. गव्हाणीसारखे भक्तिपर प्रसंग या निर्बंधाखाली येत नाहीत, असा खुलासा पुढे धर्मकायद्याच्या भाष्यकारांनीच केला. या नाटकांतील यहुद्यांचे चित्रण अन्यायकारक होते, हेही लपवू नये. तो डाग आहे. पण त्यावरून ते युग मुके ठरत नाही.

मग पडदा पाडला कोणी? पॅरिसच्या न्यायमंडळाने १५४८ मध्ये पवित्र विषयांवरील नाटकांना बंदी केली. धर्मसुधारणेनंतरच्या इंग्लंडमध्ये १५६९ नंतर यॉर्कचे रंगमंच थांबले, ते थेट १९५१ मध्ये पुन्हा उभे राहिले. कॅथोलिक फ्रान्स असो वा प्रॉटेस्टंट इंग्लंड, गव्हाणीपाशी हसणाऱ्या कारागिराला गप्प केले ते मध्ययुगाने नव्हे, स्वतःला प्रबोधनाचे म्हणवणाऱ्या शतकाने.

तेव्हा ‘अंधारयुग’ हा शब्द वापरणाऱ्यांनी आधी तारखा तपासाव्यात. आणि भाविकाने सणात केवळ बघ्या म्हणून उभे राहावे असे मानणाऱ्यांनी, खिळे घडवणाऱ्या त्या कारागिरांना उत्तर द्यावे.